छत्तीस ठिपक्यांची साक्ष

रक्ताचा तांबडा रंग आणि पानाचा हिरवा रंग ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातील भावंडे होत. या कुळाला पॉर्फिरिन असे नाव असून ते जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून पडलेले आहे. चार लहान पंचकोनी कड्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक मोठे, सपाट कडे तयार होते आणि त्याच्या मध्यभागी चार नायट्रोजन अणूंच्या कोंदणात एखाद्या धातूचा अणू बसतो. कोंदणात लोह असेल तर ते रक्तातील हीम होय. तेथे मॅग्नेशियम असेल आणि कड्याच्या घडणीत थोडा फरक असेल, तर ते हरितद्रव्य होय. ब-१२ या जीवनसत्त्वातील कोबाल्टचे कोंदणही याच कुळाच्या नात्यातले आहे. प्राणी श्वास घेतो आणि वनस्पती सूर्यप्रकाशातून अन्न तयार करते, या दोन्ही कामांचा भार मुख्यतः या एका रचनेवर आहे.

जर्मनीतील म्यूनिक येथील हान्स फिशर यांनी १९२९ मध्ये हीमिन हे रक्तातील रंगद्रव्य प्रयोगशाळेत घडविले आणि १९३० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९६० मध्ये हरितद्रव्याचे संश्लेषण पुरे केले. निसर्गाने जे घडविले ते आपल्याला घडविता येते काय, हा या संशोधकांपुढील प्रश्न होता. त्याच धाग्याचे पुढचे टोक कारखान्यातील, गोदामातील आणि भुयारी गटारातील कामगाराच्या जिवाशी येऊन पोहोचले, ते केनेथ सस्लिक या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या कार्यामुळे. त्या कार्याची ओळख करून घेण्यापूर्वी ज्या संकटाशी त्याचा संबंध आहे ते संकट समजावून घेणे आवश्यक आहे.

नाकावर विसंबू नये

विषारी वायूची पहिली वर्दी नाक देते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे आणि या अर्ध्या सत्याने आजवर अनेकांचा बळी घेतला आहे. मैल्याच्या टाकीत व गटारात साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत किपच्या उपकरणातून निघणारा सडक्या अंड्याचा दर्प विज्ञानाच्या शिक्षकांना चांगला परिचयाचा असेल. परंतु हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे शंभर भाग झाले की काही मिनिटांतच घ्राणेंद्रिय बधिर होते. वास येईनासा झाला म्हणून वायू गेला असे समजून माणूस आणखी खाली उतरतो, आणि त्याला वर काढण्यासाठी उतरलेला दुसराही तेथेच कोसळतो. ग्रामीण भागात विहिरी, पेव आणि शौचकूपाच्या टाक्या साफ करताना एकामागून एक माणसे दगावल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांमागे बहुधा असेच काही कारण असते.

कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. रक्तातील लोहाशी त्याची जवळीक प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पटींहून अधिक असल्यामुळे तो प्राणवायूची जागा बळकावून बसतो. फॉस्जीन या वायूला कुबट गवतासारखा वास येतो खरा, पण तो जाणवू लागेपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडली गेलेली असते. शिवाय फुप्फुसांवरील त्याचा घातक परिणाम कित्येक तासांनी, कधी कधी दुसऱ्या दिवशी प्रकट होतो. माणूस घरी जातो, जेवतो, निजतो आणि मग श्वास कोंडू लागतो.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ येथे मिथाइल आयसोसायनेट वायूने जो हाहाकार उडविला, त्याचे स्मरण या संदर्भात होणे अपरिहार्य आहे. डोळ्यांची आग होऊन लोक जागे झाले, पण हवेत काय पसरले आहे आणि कोणत्या दिशेने पळावे हे सांगणारे साधन त्यांच्यापाशी नव्हते. महाराष्ट्रालाही असा अनुभव आहे. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीनजीकच्या हाजी बंदर येथे जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळून शंभराहून अधिक लोक बाधित झाले होते. क्लोरीन तर पाणी शुद्ध करण्यासाठी अनेक पाणीपुरवठा केंद्रांवर साठविला जातो. धान्याच्या गोदामात कीड मारण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या ज्या गोळ्या ठेवतात, त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. शीतगृहांच्या यंत्रणेत अमोनिया असतो. म्हणजे हा प्रश्न केवळ मोठ्या औद्योगिक वसाहतींचा नाही. तो तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

या संकटावर माणसाने शोधलेले उपाय पाहिले तर त्यांत मोठे अंतर राहून गेलेले दिसते. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्ष्याचा पिंजरा नेण्याची प्रथा जॉन हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडली आणि ती चक्क १९८६ पर्यंत टिकली. पक्षी मान टाकी, तेव्हा माणसे बाहेर पडत. दुसरीकडे अचूक विश्लेषण करणारी महागडी यंत्रे प्रयोगशाळेत आहेत, पण ती गटाराच्या तोंडाशी नेता येत नाहीत. या दोहोंच्या मध्ये रंग बदलणारे कागद व काचेच्या नळ्या येतात. शिशाच्या ॲसिटेटमध्ये भिजविलेला कागद हायड्रोजन सल्फाइडने काळा पडतो, हे विज्ञानाचा कोणताही विद्यार्थी सांगेल. मात्र अशा साधनात एका वायूला एक कागद किंवा एक नळी लागते. कोणता वायू आहे हे आधी ठाऊक असेल तरच ती कामाची. आणि अपघाताच्या वेळी नेमके तेच ठाऊक नसते.

कुंपण घातलेला रेणू

केनेथ सस्लिक यांचा जन्म १९५२ चा. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून १९७४ मध्ये पदवी घेतल्यावर ते स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स कॉलमन यांच्याकडे संशोधनासाठी गेले. कॉलमन यांच्यापुढे त्या वेळी एक जुने कोडे होते. रक्तातील हीम प्राणवायू धरते आणि योग्य स्थळी सोडून देते. पण तेच हीम प्रथिनापासून सुटे करून द्रावणात ठेवले, तर प्राणवायूच्या संपर्काने त्यातील लोह जणू गंजून जाते आणि पुन्हा कामाचे राहत नाही. याचे कारण असे की प्राणवायूच्या एकाच रेणूला दोन बाजूंनी दोन हीम येऊन भिडतात आणि मग त्या व्यवहारातून परत फिरता येत नाही. शरीरात हे घडत नाही, कारण हिमोग्लोबिनचे भले मोठे प्रथिन प्रत्येक हीमला आपल्या कुशीत एकटे ठेवते.

कॉलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉर्फिरिनच्या सपाट कड्याच्या एका बाजूला अणूंचे चार खांब उभे केले. शेताला काटक्यांचे कुंपण घालावे तशी ही रचना दिसते आणि इंग्रजीत तिचे नावही कुंपणावरूनच ठेवले गेले. कुंपणाच्या आत प्राणवायू येऊ शकतो, परंतु दुसरे हीम आत शिरू शकत नाही. १९७५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या कामाने हे दाखवून दिले, की प्रचंड प्रथिनाचे कार्य थोडक्या अणूंच्या योजनेनेही साधता येते. लोह व कोबाल्टच्या अशा पॉर्फिरिनांना प्राणवायू कसा व किती घट्ट बांधला जातो, याच्या अभ्यासात तरुण सस्लिक यांचा वाटा होता. धातूच्या अणूपाशी कोण येतो, किती घट्ट बसतो, कोणाला अटकाव होतो, हाच प्रश्न पुढे त्यांनी निरनिराळ्या रूपांत हाताळला.

१९७८ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील रसायनशास्त्र विभागात रुजू झाले. तेथे त्यांचे नाव प्रथम झाले ते मात्र वेगळ्याच विषयात. कानाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी द्रवातून सोडला असता त्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात, आणि फुटण्याच्या क्षणी त्यांच्या पोटातील तापमान सुमारे पाच हजार अंशांपर्यंत चढते, हे त्यांच्या गटाने मोजून दाखविले. ध्वनीने घडविलेल्या या रसायनशास्त्राची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ते काम चालू असतानाही पॉर्फिरिनचा अभ्यास सुटला नव्हता. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी कड्याच्या दोन्ही बाजूंना खिसे असलेली पॉर्फिरिने घडविली. या खिशात ठराविक आकाराचेच रेणू शिरू शकत. स्टॅनफर्ड येथील कुंपणाचाच हा विस्तार म्हणावा लागेल.

रंगांचा पंचनामा

पॉर्फिरिनचा एक गुण असा, की तो आपली हालहवाल रंगाने सांगतो. मध्यभागी बसलेल्या धातूला वरून किंवा खालून एखादा रेणू चिकटला की कड्याची प्रकाश शोषण्याची रीत बदलते आणि डोळ्यांना दिसणारी छटा पालटते. धमनीतील रक्त लालभडक आणि शिरेतील रक्त काळपट लाल दिसते, ते याच गुणामुळे. आता असे पाहा, की जगातील अतिशय उग्र वासाचे आणि विषारी असे पुष्कळसे पदार्थ धातूंना घट्ट चिकटणारे असतात. गंधकयुक्त, फॉस्फरसयुक्त आणि अमोनियाच्या जातीचे पदार्थ यांत येतात. ते विषारी असण्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असते; शरीरातील महत्त्वाच्या धातूंना ते जाऊन बिलगतात. ज्या गुणामुळे विष मारते, त्याच गुणाचा उपयोग करून ते ओळखावे, अशी ही योजना होय.

ऑगस्ट २००० मध्ये सस्लिक आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी नील राकाव यांनी ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. कड्याच्या कोंदणात निरनिराळे धातू बसवून त्यांनी अनेक पॉर्फिरिने तयार केली आणि प्रत्येकाचा एकेक लहानसा ठिपका पट्टीवर दिला. पट्टीचे चित्र आधी घ्यावयाचे, तिच्यावरून वायू वाहू द्यावयाचा आणि पुन्हा चित्र घ्यावयाचे. कार्यालयात कागदपत्रांची प्रतिमा घेण्यासाठी जे सपाट स्कॅनर यंत्र असते, तसले साधे यंत्र या कामाला पुरले. प्रत्येक ठिपक्याच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या अंशात किती फरक पडला हे संगणक मोजतो आणि त्या फरकांचा नकाशा तयार होतो. दहा लाखांत दोन भागांहून कमी प्रमाणातही वेगवेगळ्या बाष्पांचे वेगवेगळे नकाशे मिळाले. काही पदार्थांना तर दहा लाखांत एक-दशांश भागाहून कमी असतानाही प्रतिसाद मिळाला.

यातील मर्म असे, की कोणताही एक ठिपका कोणत्याही एका वायूसाठी राखून ठेवलेला नाही. जस्ताचा ठिपका अमोनियाला प्रतिसाद देईल, तसा दुसऱ्या काही वायूंनाही कमीअधिक देईल. एकट्या ठिपक्याची साक्ष म्हणूनच फारशी विश्वसनीय नाही. पण गावात घटना घडल्यावर पंचनामा होतो तेव्हा काय होते ? एकाने आवाज ऐकलेला असतो, दुसऱ्याने पाठमोरा माणूस पाहिलेला असतो, तिसरा म्हणतो आपल्याला काहीच दिसले नाही, आणि हे ‘काहीच दिसले नाही’ हेदेखील उपयोगी पडते. सर्वांच्या जबान्या जुळवून पाहिल्या की प्रसंग उभा राहतो. ठिपक्यांचे तसेच आहे. बदललेले, थोडे बदललेले आणि मुळीच न बदललेले असे सर्व ठिपके मिळून वायूचे नाव सांगतात.

सस्तन प्राण्यांचे नाक याच पद्धतीने चालते. माणसाच्या नाकात सुमारे चारशे प्रकारची गंधग्राहक प्रथिने आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी या प्रथिनांच्या जनुकांचा शोध १९९१ मध्ये जाहीर केला आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. प्रत्येक गंधाला स्वतंत्र ग्राहक नाही. अनेक ग्राहकांच्या एकत्रित प्रतिसादावरून मेंदू गुलाब ओळखतो आणि खवट तेलही ओळखतो. या तत्त्वावरील कृत्रिम नाकाची पहिली मांडणी ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठात पर्सॉड व डॉड यांनी १९८२ मध्येच केली होती. परंतु त्यानंतरच्या बहुतेक विद्युत-नाकांमध्ये वायू संवेदकाच्या पृष्ठभागावर केवळ दुबळेपणाने चिकटत असे. हवेतील ओलावा वाढला की ती गोंधळून जात, कारण हवेत पाण्याची वाफ इतर कोणत्याही बाष्पापेक्षा कितीतरी अधिक असते. कोकणातील पावसाळ्यात अशा यंत्राचे काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. सस्लिक यांनी दुबळ्या चिकटण्याऐवजी खऱ्या रासायनिक बंधाचा आधार घेतला आणि पाण्याला जवळ न करणारी द्रव्ये निवडली. त्यामुळे दमट हवेने ठिपक्यांची साक्ष फिरत नाही.

याची किंमत मात्र द्यावी लागते. वायू घट्ट चिकटला की तो सहजासहजी सुटत नाही आणि पट्टी पुन्हा वापरता येत नाही. जो संवेदक तीव्र तो टिकाऊ नाही, आणि जो टिकाऊ तो तीव्र नाही, असा हा पेच आहे. सस्लिक यांचे उत्तर सरळ होते : पट्टी इतकी स्वस्त करावी की वापरून टाकून देता येईल. लिटमसचा कागद कोणी धुऊन पुन्हा वापरीत नाही.

एकोणीस वायूंची यादी

पुढील नऊ वर्षांत पट्टीत भर पडली. पॉर्फिरिनांच्या जोडीला आम्ल-अल्कलींना ओळखणारी दर्शके आणि इतर रंगद्रव्ये आली व ठिपक्यांची संख्या ३६ झाली. छत्तीसचा आकडा आपल्याकडे वैरासाठी प्रसिद्ध आहे. येथे मात्र छत्तीसही जण एका कामाला लागलेले आहेत. प्रत्येकाचे तीन रंगांश धरले की १०८ आकड्यांची एक ओळ मिळते आणि तीच त्या वायूची ओळखखूण होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १९ विषारी औद्योगिक वायू, जिविताला तात्काळ धोका पोहोचेल इतक्या प्रमाणात असताना, दोन मिनिटांच्या आत एकमेकांपासून वेगळे ओळखता आले. कामाच्या ठिकाणी कायद्याने अनुज्ञेय असलेल्या मर्यादेच्या बरेच खाली प्रमाण असतानाही पट्टीला त्यांचा सुगावा लागत होता. किरणोत्सर्गाच्या ठिकाणी काम करणारे लोक छातीवर फिल्मचा बिल्ला लावतात, तसा विषारी वायूंसाठीही बिल्ला असावा, हा या कामामागील हेतू होता.

यादीतील नावे वर आलेल्या संकटांशी ताडून पाहण्यासारखी आहेत. तीत पाणीपुरवठा केंद्रावरील क्लोरीन आहे, शीतगृहातील अमोनिया आहे, गोदामातील फॉस्फीन आहे आणि गटारातील हायड्रोजन सल्फाइड आहे. भोपाळच्या मिथाइल आयसोसायनेटचा तीत समावेश नाही. परंतु ज्या दोन पदार्थांपासून तो बनविला जात होता ते फॉस्जीन व मिथाइलअमाइन हे दोन्ही वायू आहेत.

याच तत्त्वाचा उपयोग इतरत्रही झाला. दहा प्रकारच्या बाजारी कॉफी एकमेकींपासून ओळखण्याचा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे कौतुक वृत्तपत्रांना अधिक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अधिक मोलाचे काम जीवाणूंचे होते. जीवाणू वाढताना जे बाष्प सोडतात त्यावरून दहा जीवाणूंची ओळख दहा तासांत पटविता येते, असे २०११ मध्ये दाखविण्यात आले. या मार्गाने पुढे विकसित झालेल्या एका यंत्रणेत रुग्णाच्या रक्तातील जीवाणूंवर कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे रक्ताची जीवाणू-चाचणी सकारात्मक आल्यानंतर सुमारे साडेपाच तासांत कळते. एरवी यासाठी दिवस-दोन दिवस थांबावे लागते आणि रक्तात जंतुदोष झालेल्या रुग्णाच्या बाबतीत तेवढा विलंब प्राणघातक ठरू शकतो. या यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली.

पट्टीला काय कळत नाही

या पट्टीविषयी अवास्तव अपेक्षा बाळगणे मात्र धोक्याचे होईल. जो पदार्थ रंगद्रव्याशी रासायनिक व्यवहार करतो त्याचीच साक्ष मिळते. मिथेन हा स्वभावतःच सुस्त वायू आहे. तो गटारात व शेणाच्या वायुसंयंत्रात असतो, पेट घेतो, स्फोट घडवितो. पण एकोणीस वायूंच्या यादीत त्याला स्थान नाही. कार्बन मोनॉक्साइडही तीत नाही. शरीरातील पॉर्फिरिनला ज्याची सर्वांत आधी बाधा होते तो वायू पॉर्फिरिनच्या पट्टीने केलेल्या यादीत नसावा, हा योगायोग विचित्र खरा. आणि टाकीतील प्राणवायूच कमी झाला असेल, तर तेथे ओळखण्यासारखे विष काहीच नसते. असतो तो केवळ अभाव. त्याचा रंग कोणताही ठिपका दाखवीत नाही.

म्हणून बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, हायड्रोजन सल्फाइड व कार्बन मोनॉक्साइड या चारही गोष्टी मोजणारे विद्युत-उपकरण वापरणे हाच आजचा खात्रीचा मार्ग होय. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याखालील नियमांत सुरक्षा-साधनांची जी यादी दिलेली आहे, तीत वायुमापकाचा समावेश आहे. गटारात काम करताना मृत्यू आल्यास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरविली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख रुपये करण्यात आली. वायुमापकाची किंमत या रकमेच्या मानाने अगदीच किरकोळ असते. ज्या नगरपंचायतीने किंवा ग्रामपंचायतीने टाकी उपसण्याचे काम कंत्राटदाराकडे सोपविले आहे, तिने काम सुरू होण्यापूर्वी हे उपकरण जागेवर आणले आहे काय आणि ते चालू स्थितीत आहे काय, हे स्वतः पाहावयाचे असते. टाकीचे झाकण उघडून काही वेळ तसेच ठेवणे, वर किमान एक माणूस दोर धरून उभा असणे आणि खाली कोणी कोसळलाच तर श्वसन-साधनाशिवाय दुसऱ्याने मुळीच न उतरणे, यांसाठी तर कोणत्याही संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही.